प्राणवायूचा हिशेब

भूलशास्त्र शिकत असताना आम्हाला रुग्णाचे ओठ, कानाची पाळी आणि नखे पाहायला शिकवले जात असे. रक्तातला प्राणवायू कमी झाला की तेथे निळसर छटा उतरते आणि ती दिसताच भूलतज्ज्ञाने सावध व्हायचे, असा तो धडा होता. हा धडा किती अपुरा आहे, हे १९४७ सालीच दाखवून देण्यात आले होते. कॉम्रो आणि बोटेल्हो या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी निरोगी माणसांना कमी प्राणवायू असलेले मिश्रण श्वासावाटे दिले आणि निरीक्षकांना निळेपणा जाणवताच तसे सांगायला लावले. रक्ताची प्राणवायू-संपृक्तता, म्हणजे आज घरोघरी जिला सॅच्युरेशन म्हणतात ती, ऐंशी टक्क्यांच्या जवळपास उतरेपर्यंत पुष्कळ निरीक्षकांना खात्रीने काहीच सांगता आले नाही. त्या वेळी त्यांचे सगळे लक्ष केवळ त्याच एका गोष्टीकडे होते. शस्त्रक्रियागृहात, सावळ्या कांतीच्या आणि हिरव्या कापडांखाली झाकलेल्या रुग्णाबाबत हे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते.

त्यातही रक्तक्षय असलेल्या बाईची गोष्ट निराळीच आहे. निळेपणा डोळ्यांना दिसण्यासाठी दर शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे पाच ग्रॅम हिमोग्लोबिन प्राणवायूविना असावे लागते. जिचे सगळे हिमोग्लोबिन मिळूनच सहा ग्रॅम आहे, ती निळी पडण्याची वाट पाहणे म्हणजे तिचे हृदय थांबण्याची वाट पाहणे होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकातली ही खूण आपल्याकडच्या बाळंतिणीच्या बाबतीत मुळातच लंगडी होती, असे मला वाटत आले आहे.

तालुक्याच्या गावांत मी काम करू लागले तेव्हा भूलतज्ज्ञ आपली बॅग घेऊन या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जात असे. भूल देण्याचे बॉइलचे यंत्र, दोन सिलिंडर, मनगटाच्या नाडीवर सतत टेकलेले बोट, छातीवर चिकटवलेला स्टेथोस्कोप आणि मधूनच सर्जनला विचारलेला प्रश्न, की रक्ताचा रंग कसा दिसतो आहे. "जरा काळं वाटतंय," असे उत्तर आले की पोटात गोळा उठे. पुढे पल्स ऑक्सिमीटर आला, प्रथम शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत आणि मग पुष्कळ काळाने आमच्याकडे. माझ्या पिढीतल्या अनेक भूलतज्ज्ञांनी तो स्वतःच्या पैशाने घेतला आणि बॅगेतून सगळीकडे नेला. ऑपरेशन टेबलाशी उभ्या असलेल्या सिस्टरचे "मॅडम, बोट गार पडलंय, आकडा येत नाही" हे वाक्य तेव्हापासून आमच्या कामाचा भाग झाले.

हे उपकरण ज्यांच्या विचारातून उभे राहिले ते ताकुओ आओयागी हे जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीत अभियंते होते. त्यांना खरे तर हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडते ते धमनीतून रक्त न काढता मोजायचे होते. त्यासाठी रक्तात रंगद्रव्य सोडून कानाच्या पाळीतून आरपार जाणारा प्रकाश ते मोजत होते, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी होणारी प्रकाशाची चढउतार त्यांच्या मोजणीत अडथळा आणत होती. तो अडथळा दूर करण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले की ठोक्यागणिक बदलणारा भाग हा केवळ धमनीतल्या रक्ताचा आहे, आणि दोन वेगवेगळ्या तरंगलांबींवर तो मोजला तर त्या रक्तातला प्राणवायू कळू शकतो. हे काम त्यांनी १९७४ साली मांडले. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले, तेव्हा करोनाच्या धास्तीने सारे जग ते उपकरण विकत घेऊ लागले होते.

ऑक्सिमीटरने भूल सुरक्षित केली, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही या विश्वासाची रीतसर परीक्षा झाली तेव्हा जे हाती आले, त्याचा मी अनेक वर्षे विचार करत आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वीस हजारांहून अधिक, नेमके सांगायचे तर २०,८०२ रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ऑक्सिमीटर लावला आणि दुसऱ्याला लावला नाही. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. ऑक्सिमीटर असलेल्या गटात प्राणवायूची घसरण कितीतरी पटींनी अधिक वेळा ध्यानात आली आणि डॉक्टरांनी अधिक वेळा उपाय केले. पण एकूण गुंतागुंती आणि मृत्यू यांत दोन्ही गटांमध्ये फरक सिद्ध झाला नाही. काहींनी यावरून उपकरण निरुपयोगी ठरवले. मला त्याचा अर्थ वेगळा दिसतो. चांगल्या साधनांच्या आणि प्रशिक्षित माणसांच्या देशात भुलेमुळे होणारा मृत्यू इतका विरळा झालेला होता, की वीस हजार माणसांची गणतीही तो पकडायला तोकडी पडली. विरळ संकटाचा अभ्यास करणाऱ्यापुढची खरी अडचण हीच असते, आणि गरोदरपणातल्या दुर्मीळ गुंतागुंतींकडे वळल्यावर ती पुन्हा भेटते.

जिथे साधने नव्हती तिथे मात्र चित्र अगदी वेगळे होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगातली सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहे ऑक्सिमीटरविना चालत असल्याचा अंदाज दिला. त्याआधी, २००८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचायची जी यादी तयार केली, तिच्यात ऑक्सिमीटर लावला आहे आणि तो चालू आहे, याची खातरजमा हा एक मुद्दा होता. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. पुढे २०११ साली याच विचारातून लाइफबॉक्स ही संस्था उभी राहिली आणि स्वस्त, दणकट ऑक्सिमीटर गरीब देशांतल्या रुग्णालयांपर्यंत जाऊ लागले.

ऑक्सिमीटरच्या आकड्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर तो आकडा फसवतो. गडद त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की न कळलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा आढळते. दुसरी मर्यादा आपल्या बाळंतिणींशी थेट निगडित आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते, म्हणून बारा ग्रॅम हिमोग्लोबिनच्या बाईच्या शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे सोळा मिलिलिटर प्राणवायू असतो आणि सहा ग्रॅमच्या बाईच्या रक्तात जेमतेम आठ. दोघींच्या बोटावर आकडा मात्र अठ्ठ्याण्णवच दिसतो. एसटीच्या आगारातून सुटणारी प्रत्येक गाडी भरलेली आहे एवढेच तो सांगतो. आज गाड्या किती सुटल्या हे त्याला कळत नाही. रक्तस्राव सुरू झाला की सहा ग्रॅमच्या बाईजवळ खर्चायला शिल्लकच नसते, आणि म्हणून तिचे नातेवाईक "मशीनवर तर सगळं नीट दिसत होतं" असे म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात.

कमी प्राणवायूच्या भीतीने आम्ही घडलो, त्यामुळे जास्त प्राणवायूने अपाय होऊ शकतो हे मान्य करणे आमच्या पिढीला जड गेले. इतिहास तर केव्हाचा समोर होता. १९४० च्या दशकात अमेरिकेत आणि इतर श्रीमंत देशांत अपुऱ्या दिवसांची बाळे मोठ्या संख्येने आंधळी होऊ लागली. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी भरपूर प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा रुग्णालयांनी मिळून केलेल्या प्रयोगाने ते सिद्ध केले. तोवर सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेलेली होती. ज्या रुग्णालयांची साधने उत्तम होती, तिथेच ही बाळे अधिक होती. त्यानंतर प्राणवायूवर कडक बंधने आली आणि दृष्टी वाचू लागली. पण श्वास अपुरा पडून बाळे दगावूही लागली. १९७३ साली मांडल्या गेलेल्या एका हिशेबानुसार वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे सोळा बाळांचे जीव गेले असावेत. त्या अंदाजावर वाद घालता येतो. मात्र एका चुकीपासून दूर पळताना वैद्यकशास्त्र दुसऱ्या टोकाला जाऊन आदळले, हे नाकारता येत नाही.

मोठ्यांच्या शस्त्रक्रियेतही असाच एक वाद झाला. २००० साली आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या पाचशे रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात तीस टक्क्यांऐवजी ऐंशी टक्के प्राणवायू दिल्यावर जखमेतला जंतुसंसर्ग ११.२ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर आला. डेन्मार्कमध्ये चौदाशे रुग्णांवर तेच करून पाहिले गेले, तेव्हा २००९ साली निष्कर्ष आला की फरक पडत नाही. आणि त्याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतल्यावर, त्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये ऐंशी टक्केवाल्यांचे मृत्यू अधिक दिसले. असे असूनही २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्वासनलिकेत नळी घालून भूल दिलेल्या प्रौढांना शस्त्रक्रियेदरम्यान आणि नंतरचे काही तास ऐंशी टक्के प्राणवायू द्यावा, अशी ठाम शिफारस केली. भूलतज्ज्ञांनी तिला विरोध केला, पुराव्यातल्या काही प्रयोगांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभे राहिले, आणि २०१८ साली त्या शिफारशीचा ठामपणा काढून घेण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने पाच हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात दोन्ही मात्रांमध्ये फरक नसल्याचे सांगितले. माझे मत विचाराल तर, ज्या गावात जंबो सिलिंडर संपला की पुढचा जिल्ह्याच्या ठिकाणाहून टेम्पोने यायचा असतो, तिथल्या डॉक्टरांना इतक्या डळमळीत पुराव्यावर असा ठाम आदेश देणे योग्य नव्हते.

प्रसूतिगृहातही हीच सवय दिसते. बाळाचे ठोके मंदावले की आईला डाव्या कुशीवर वळवायचे आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क लावायचा, हे इतके अंगवळणी पडले होते की त्याचा पुरावा कुणी विचारत नसे. आईची संपृक्तता चांगली असेल तर त्या मास्कने बाळाचा फायदा होत असल्याचे प्रयोगांत दिसले नाही, आणि २०२२ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने असा प्राणवायू सरसकट देऊ नये, असे स्पष्ट केले. मात्र त्याच बाईला सिझेरियनसाठी पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर आधी सुमारे तीन मिनिटे शंभर टक्के प्राणवायू देणे टाळता येत नाही. दिवस भरत आल्यावर फुप्फुसांत श्वास सोडल्यानंतर उरणाऱ्या हवेचा साठा सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि शरीराची प्राणवायूची गरज तितकीच वाढते, त्यामुळे श्वास थांबताच तिची संपृक्तता इतर कोणाहीपेक्षा लवकर कोसळते. कोणत्या तीन मिनिटांना तो पूर्ण मात्रेत हवा आणि कोणते चार तास तो उगाच जळतो, हे अशा लहानमोठ्या प्रयोगांनी हळूहळू उलगडले आहे.

यंत्रातून येणारा वायू खरोखर प्राणवायूच आहे का, हा प्रश्न विचारणे सामान्य वाचकाला विचित्र वाटेल. पण शस्त्रक्रियागृहातल्या सुरक्षिततेचा फार मोठा भाग त्याच प्रश्नातून निर्माण झाला आहे. आपल्याकडे प्राणवायूचा सिलिंडर काळा आणि खांद्याशी पांढरा, तर भुलेसाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूचा निळा असतो. लहान सिलिंडरच्या तोंडावरची छिद्रे प्रत्येक वायूसाठी वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीचा सिलिंडर यंत्राच्या खिळ्यांवर बसतच नाही. प्राणवायूची कळ मोठी आणि खाचांची असते, म्हणजे दिवे गेले तरी ती बोटांना ओळखू येते. नव्या यंत्रांत नायट्रस ऑक्साइड कितीही वाढवला तरी प्राणवायू चौथ्या हिश्शाखाली जाणार नाही, अशी साखळी असते. या प्रत्येक सोयीमागे कुठेतरी कुणाचा तरी जीव गेलेला आहे. आणि इतके करूनही भिंतीमागच्या नळ्याच एकमेकींशी बदलल्या गेल्या, तर यांतले काहीच उपयोगी पडत नाही. संपृक्तता घसरू लागते, भूल देणारा घाबरून "प्राणवायू" वाढवतो आणि प्रत्यक्षात दुसराच वायू वाढतो. २०११ साली तमिळनाडूतल्या एका सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका तरुण बाईला प्राणवायूऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेला. ती शुद्धीवर आलीच नाही, आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश दिला. श्वासमार्गात वायूचे प्रमाण मोजणारा प्राणवायू-विश्लेषक हाच यावरचा खरा पहारेकरी आहे, आणि लहान नर्सिंग होममध्ये सर्वांत आधी बंद पडणारे, सर्वांत उशिरा दुरुस्त होणारे उपकरणही बहुधा तेच असते.

गर्भजलाचा अंतःशल्य, म्हणजे बाळाभोवतीचे पाणी आईच्या रक्तात शिरून होणारा आघात, हे आमच्या व्यवसायातले सर्वांत भयंकर संकट आहे. कळा सुरू असताना किंवा बाळंतपण होताच, तोवर बोलत असलेल्या बाईला एकाएकी धाप लागते, संपृक्तता आणि रक्तदाब दोन्ही कोसळतात, आणि त्यातून ती तगली तर थोड्याच वेळात रक्त गोठण्याची क्रिया बिघडून न थांबणारा रक्तस्राव सुरू होतो. १९४१ साली शिकागोच्या स्टायनर आणि लशबॉ यांनी दगावलेल्या आठ स्त्रियांच्या फुप्फुसांत बाळाच्या त्वचेच्या पेशी पाहिल्या आणि या आजाराची ओळख वैद्यकजगाला झाली. गर्भजल फुप्फुसांच्या वाहिन्या बुजवते, अशी समजूत दीर्घकाळ होती. नंतर निरोगी गर्भवतींच्या रक्तातही तशा पेशी सापडल्या, आणि हा प्रकार वाहिन्या बुजण्यापेक्षा शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेचा अधिक असावा, असा विचार पुढे आला.

१९७९ साली तोवर प्रसिद्ध झालेल्या २७२ रुग्णांचा आढावा घेणाऱ्या एका लेखाने मृत्यूचे प्रमाण ८६ टक्के सांगितले, आणि आम्ही पाठ केला तो हाच आकडा. १९९५ साली अमेरिकेतल्या नोंदवहीतल्या ४६ स्त्रियांमध्ये ते ६१ टक्के होते. मग ब्रिटनमध्ये २००५ पासून एक निराळी व्यवस्था सुरू झाली. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या प्रत्येक प्रसूतिगृहाला दर महिन्याला एक कार्ड जाऊ लागले; ठरवून दिलेल्या दुर्मीळ गुंतागुंतींपैकी कोणती आढळली यावर खूण करायची, आणि एकही आढळली नसेल तर तसे लिहून तेही परत पाठवायचे. हे "एकही नाही" फार मोलाचे आहे, कारण त्याशिवाय भागाकाराची खालची संख्या मिळत नाही. ऑक्सफर्डमधून मेरियन नाइट यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या व्यवस्थेने २०१६ साली जे मांडले त्यानुसार, नऊ-दहा वर्षांत संपूर्ण देशात गर्भजलाच्या अंतःशल्याच्या १२० स्त्रिया आढळल्या, म्हणजे लाखात दोघींहूनही कमी. आणि त्यांपैकी १९ टक्के दगावल्या. दर पाचांतल्या चौघी वाचल्या होत्या.

८६ वरून १९ पर्यंतची ही उतरण केवळ उपचार सुधारल्यामुळे झाली नाही. निदानाच्या व्याख्या बदलल्या हेही एक कारण आहे. पण पूर्वी जे रुग्ण लिहिले जात ते बहुतांशी सर्वांत वाईट शेवट झालेले असत. वाचलेल्या बाईविषयी कोणी लेख लिहीत नसे. माझ्या दृष्टीने या फरकाचा परिणाम शस्त्रक्रियागृहात फार खोलवर होतो. शंभरातल्या शहाऐंशी जणी जाणारच, असे मनात घेऊन धावणारा डॉक्टर आणि पाचांतल्या चौघी वाचतात हे माहीत असणारा डॉक्टर यांचे हात सारख्या वेगाने चालत नाहीत. याच ब्रिटिश व्यवस्थेने २०११ ते २०१४ या काळात गर्भवतींचे हृदय थांबल्याच्या ६६ घटना अभ्यासल्या. त्यांतल्या अठ्ठावन्न टक्के स्त्रिया वाचल्या, आणि सुमारे एक चतुर्थांश घटना भुलेशी संबंधित होत्या. ज्यांचे बाळ तातडीने पोट उघडून काढले गेले त्यांच्यात, वाचलेल्या स्त्रिया कोसळल्यापासून बाळ काढेपर्यंतचा मध्यक काळ तीन मिनिटांचा होता आणि दगावलेल्यांच्या बाबतीत बारा मिनिटांचा. गर्भाशय मोठ्या रक्तवाहिन्यांवरून डाव्या बाजूला सारा, छाती दाबत राहा, शंभर टक्के प्राणवायू द्या, आणि नाडी येत नसेल तर शस्त्रक्रियागृहाकडे न पळवता जिथे आहे तिथेच बाळ बाहेर काढा, हा सल्ला पूर्वीपासून दिला जात होता. तीन आणि बारा हे आकडे समोर आल्यावर मात्र तो कुठल्याही कनिष्ठ डॉक्टरला समजावून सांगायला वेळ लागत नाही.

आपल्या देशात हे अशक्य आहे, असे म्हणणारे खूप भेटतात. केरळमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून राज्यातल्या मातामृत्यूंची गोपनीय तपासणी चालवली आहे. त्यात रुग्णालयाचे किंवा डॉक्टरचे नाव पुढे येत नाही, कोणाला शिक्षा होत नाही, आणि काय टाळता आले असते तेवढेच शोधले जाते. आसाममध्ये ऑक्सफर्डच्या मनीषा नायर यांच्या पुढाकाराने ब्रिटिश व्यवस्थेच्या धर्तीवर नोंदी सुरू झाल्या, आणि तिथे निवडलेल्या विषयांत तीव्र रक्तक्षयातून होणाऱ्या हृदयविकाराचाही समावेश होता. ब्रिटनच्या यादीत जे सुचले नसते ते आसामच्या यादीत आले, याचे मला फार समाधान वाटते.

महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले होते. रक्तस्राव आणि रक्तदाबाचे मृत्यू जसजसे आवरले जातील तसतसा उरलेल्या मृत्यूंमध्ये दुर्मीळ कारणांचा वाटा वाढत जाणार. राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख बाळंतपणे होतात असे धरून ब्रिटनचा दर लावला, तर गर्भजलाच्या अंतःशल्याने कोसळणाऱ्या तीसेक स्त्रिया दरवर्षी आपल्याकडे असायला हव्यात. त्या चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या शेकडो रुग्णालयांत विखुरलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला आपलीच तेवढी एक दिसते. मृत्यूची सरकारी चौकशी होते. वाचलेल्या बाईची मात्र कुठेच नोंद होत नाही, आणि खरे शिकण्यासारखे तिच्याचपाशी असते. नातेवाइकांचा राग, तोडफोड आणि खटला यांच्या भीतीने खासगी डॉक्टर गप्प राहतात, हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्या भीतीला दोष देणे मला योग्य वाटत नाही. म्हणूनच कार्डावर नाव नको, गाव नको. बाई कोसळली तेव्हा हिमोग्लोबिन किती होते, ऑक्सिमीटर लावलेला होता का, संपृक्ततेचा शेवटचा आकडा कोणता, प्राणवायू कोणत्या मात्रेत चालू होता, बाळ किती मिनिटांत बाहेर आले, रक्ताची पहिली पिशवी किती वेळाने मिळाली आणि ती कुठून आणावी लागली, एवढे विचारले तरी पुरे. आणि ज्या महिन्यात असे काही घडले नाही, त्या महिन्याचेही कार्ड प्रत्येक नर्सिंग होमने न चुकता पाठवले पाहिजे.